लहान द्वीपराष्ट्रांतील युवक आणि हवामानविषयक कृती : वानुआतुतील वर्गखोली ते पनवेलची खाडी

प्रस्तावना

खाऱ्या पाण्याचे आक्रमण ही पनवेलसारख्या खाडीकाठच्या तालुक्याला परकी गोष्ट नाही. उधाणाच्या भरतीत बांधाला खांड पडून खारे पाणी भातखाचरात शिरले की ती जमीन पुन्हा पिकाखाली आणणे किती कष्टाचे असते, हे रायगड जिल्ह्यातील खारपट्टा पिढ्यानपिढ्या अनुभवत आला आहे. मात्र येथील शेतकऱ्यास मागे सरकण्यास निदान जमीन आहे. पॅसिफिक महासागरातील तुवालू या राष्ट्रातील सर्वांत उंच जागाही समुद्रसपाटीपासून पाच मीटरहून कमी उंचीवर आहे. आंतरशासकीय समितीच्या सहाव्या मूल्यांकन अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जागतिक सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटीमीटरने वाढली आणि २००६ ते २०१८ या वर्षांत वाढीचा वेग दरवर्षी ३.७ मिलिमीटरपर्यंत पोहोचला. हरितगृह वायूंच्या जागतिक उत्सर्जनात लहान द्वीपराष्ट्रांचा वाटा एक टक्क्याहूनही कमी आहे. परिणाम मात्र त्यांच्या अस्तित्वावर होत आहे. या राष्ट्रांतील युवकांनी हा अन्याय कोणत्या मार्गाने जगापुढे मांडला आणि त्यापासून खाडीकाठच्या महाविद्यालयांनी काय घ्यावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

वर्गातील प्रश्न

साउथ पॅसिफिक विद्यापीठ हे अनेक द्वीपराष्ट्रांचे सामाईक विद्यापीठ असून त्याचे विधी शिक्षण वानुआतुची राजधानी पोर्ट व्हिला येथे चालते. २०१९ मध्ये तेथील २७ विधी विद्यार्थ्यांपुढे अध्ययनाचा एक भाग म्हणून प्रश्न होता : हवामान बदलाबाबत न्याय मिळविण्याचा सर्वांत परिणामकारक कायदेशीर मार्ग कोणता? आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा सल्लात्मक अभिप्राय मिळवावा, या निष्कर्षाप्रत ते आले. वर्ग संपल्यावर त्यांनी तो निष्कर्ष उत्तरपत्रिकेत ठेवला नाही. ‘पॅसिफिक आयलंड्स स्टुडंट्स फायटिंग क्लायमेट चेंज’ ही संघटना स्थापून त्यांनी पॅसिफिक राष्ट्रांच्या प्रमुखांना पत्रे लिहिली. वानुआतु शासनाने त्यांची मागणी स्वीकारली.

या निवडीमागील तर्क समजून घेणे आवश्यक आहे. आंतरराष्ट्रीय न्यायालयात एका राष्ट्राने दुसऱ्यावर दावा करावयाचा तर प्रतिवादी राष्ट्राने त्या न्यायालयाची अधिकारिता कोणत्या ना कोणत्या स्वरूपात मान्य केलेली असावी लागते. मोठी उत्सर्जक राष्ट्रे ती सहजासहजी मान्य करणार नाहीत. परंतु संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेतील ९६ व्या कलमान्वये आमसभा कोणत्याही कायदेशीर प्रश्नावर न्यायालयाचा अभिप्राय मागू शकते आणि आमसभेत लहानात लहान राष्ट्रासही एक मत असते. पलाऊने २०११ मध्ये हाच मार्ग सुचविला होता. पुरेशा पाठिंब्याअभावी तो प्रयत्न पुढे सरकला नव्हता.

याच काळातील दुसरा प्रयत्न तुलनेसाठी उपयुक्त आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये मार्शल द्वीपे, पलाऊ, भारत इत्यादी देशांतील १६ मुलांनी बालहक्क समितीकडे पाच राष्ट्रांविरुद्ध तक्रार केली. भारतातील रिद्धिमा पांडे ही त्यांपैकी एक होती. संबंधित देशांतील न्यायालयीन उपाय आधी अवलंबिले नाहीत, या कारणास्तव ऑक्टोबर २०२१ मध्ये समितीने ती तक्रार ग्राह्य मानली नाही. दोन्ही ठिकाणी तळमळ सारखीच होती. फरक मार्गाच्या निवडीचा होता.

अभिप्रायाचे स्वरूप

२९ मार्च २०२३ रोजी आमसभेने वानुआतुचा ठराव सर्वसंमतीने स्वीकारला. डिसेंबर २०२४ मध्ये हेग येथे झालेल्या सुनावणीत नव्वदहून अधिक राष्ट्रांनी म्हणणे मांडले आणि २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने एकमताने अभिप्राय दिला. हवामान व्यवस्थेस होणारी गंभीर हानी टाळण्याचे राष्ट्रांचे कर्तव्य केवळ करारांतून नव्हे, तर रूढ आंतरराष्ट्रीय कायद्यातूनही निर्माण होते; त्या कर्तव्याचा भंग हे आंतरराष्ट्रीय अपकृत्य ठरू शकते आणि योग्य परिस्थितीत भरपाईचे दायित्वही उद्भवू शकते, असे न्यायालयाने म्हटले. भूभागासारखा एखादा घटक नाहीसा झाला तरी राष्ट्राचे राष्ट्रत्व अपरिहार्यपणे संपुष्टात येत नाही, हेही नमूद झाले.

हा अभिप्राय बंधनकारक नाही, ही त्याची मर्यादा आहे. त्यामुळे तुवालूची पातळी उंचावणार नाही किंवा कोणाचे उत्सर्जन आपोआप घटणार नाही. तथापि, यापुढील प्रत्येक वाटाघाटीत व खटल्यात त्याचा आधार घेता येईल.

पनवेलच्या संदर्भात

पनवेलच्या परिसरात कायदेशीर आधार तुलनेने आधीपासून उपलब्ध आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये कांदळवनांच्या तोडीस व त्यांवरील भरावास प्रतिबंध केला, कांदळवनांभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यातील बांधकामासही मनाई केली आणि सप्टेंबर २०१८ च्या निकालाने हे संरक्षण कायम केले. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क घटनेच्या १४ व २१ व्या अनुच्छेदांत अंतर्भूत असल्याचे मान्य केले.

कायदा असला तरी त्यास पुरावा लागतो. येथील भूरचना वेगाने बदलली आहे. डिसेंबर २०२५ मध्ये वाहतुकीस खुल्या झालेल्या नवी मुंबई विमानतळासाठी उलवे येथील टेकडी कापण्यात आली, उलवे नदीचा प्रवाह वळविण्यात आला आणि खाडीकाठची सखल जमीन भराव टाकून उंच करण्यात आली. अशा बदलानंतर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचे पाणी कोणत्या गावात कोठवर येते, मुसळधार पाऊस व भरती एकाच वेळी आल्यास गाढी नदीचे पाणी किती वेळ तुंबते, कोणती उघाडी नादुरुस्त आहे, तिवरांचा पट्टा कोठे विरळ झाला आहे, हे ग्रामस्थांस ठाऊक असते; परंतु तारीख, वेळ व ठिकाण यांसह लिहिलेली नोंद नसेल तर त्या माहितीस कार्यालयात वा न्यायालयात वजन येत नाही.

येथेच महाविद्यालयाची भूमिका सुरू होते. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी स्तरावर पर्यावरण अभ्यास अनिवार्य केला आणि त्याच्या आराखड्यात क्षेत्रकार्यास स्थान दिले. व्यवहारात मात्र हे क्षेत्रकार्य अनेकदा संकलित मजकुराच्या प्रकल्पवहीत संपते. राष्ट्रीय सेवा योजनेचे वृक्षारोपण व स्वच्छता मोहीम यांचे मोल कमी नाही. पण त्यांतून परिसराविषयी नवे ज्ञान क्वचितच निर्माण होते. त्याऐवजी भूगोल विभागाने निरीक्षणाची जागा ठरवावी, रसायनशास्त्र विभागाने पाण्याची क्षारता मोजावी, मराठी विभागाने वृद्ध शेतकरी व मच्छीमार यांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत नोंदवाव्यात आणि राज्यशास्त्र विभागाने अर्ज कोणत्या कार्यालयाकडे करावयाचा ते शिकवावे, अशी विभागणी फारशा खर्चाविना शक्य आहे.

समारोप

पोर्ट व्हिला येथील वर्गापासून हेगच्या अभिप्रायापर्यंत सहा वर्षे गेली. दरम्यान मूळ विद्यार्थी पदवीधर झाले. नवे विद्यार्थी आले. संघटना व तिची मागणी टिकली. भारतीय महाविद्यालयांतील उपक्रमांची उणीव नेमकी या सातत्यात आहे. प्रत्येक तुकडी शून्यापासून आरंभ करते आणि परीक्षेबरोबर तिचे काम संपते. त्याच जागी, त्याच तिथीच्या भरतीस, दरवर्षी केलेली नोंद पुढील तुकडीच्या हाती सोपविली गेली, तर दहा वर्षांनी पनवेलच्या खाडीविषयी असे काही उपलब्ध होईल, जे एका विद्यार्थ्याला वा एका प्राध्यापकाला एकट्याने उभे करता येणार नाही. युवक प्रश्न विचारू शकतात, हे द्वीपराष्ट्रांनी सिद्ध केले आहे. तो प्रश्न वर्ष संपल्यावरही जिवंत ठेवणे, ही अध्यापकवर्गाची जबाबदारी ठरते.