घर, कर आणि कायदा : उमेदवार दारात आला की काय विचारायचे?

निवडणुका जवळ आल्या की वस्तीत गाड्यांची धूळ उडू लागते. ब्रह्मगिरीच्या पायथ्याचे त्र्यंबक असो की सातपूरची कामगार वसाहत, चित्र एकच. पाच वर्षांत न फिरकलेला माणूस हात जोडून दारात उभा राहतो, म्हाताऱ्या आईच्या पाया पडतो, विहारात येऊन बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घालतो. हार घालायला आपली हरकत नाही. पण हार घालून झाला की त्याला सतरंजीवर बसवावे, चहा द्यावा आणि तीन गोष्टी विचाराव्यात. आमच्या घराचे काय? आम्ही भरतो त्या कराचे काय? आणि आमच्यावर अन्याय झाला तर कायद्याचे काय?

त्र्यंबकेश्वर इगतपुरी विधानसभा मतदारसंघात येते. ही जागा अनुसूचित जमातीसाठी राखीव आहे. म्हणजे आपला माणूस येथे उभा राहू शकत नाही, पण आपले मत मात्र सर्वांना हवे असते. येथील आमदार हिरामण खोसकर 2019 साली काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आले आणि 2024 साली महायुतीतील राष्ट्रवादीच्या तिकिटावर. माणूस तोच, जाहीरनामा बदलला. म्हणून चेहरा पाहून मत देण्याचे दिवस गेले. ज्या पक्षांची मोट बांधून उमेदवार उभा आहे, त्यांचे म्हणणे काय आहे ते वाचले पाहिजे. उजव्या, परंपरावादी पक्षांचे म्हणणे तर अधिकच बारकाईने वाचले पाहिजे, कारण त्यांच्या गोड शब्दांमागे काय आहे हे आपल्या समाजाने अनुभवलेले आहे.

घर : वचन आणि वास्तव

1995 साली शिवसेना-भाजप युतीने मुंबईतील चाळीस लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घरे देण्याचे वचन दिले. एक रुपयात झुणका-भाकरही त्याच वेळची. मार्च 1995 मध्ये मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले, त्याच वर्षाच्या अखेरीस झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण निघाले. योजना अशी, की खाजगी बिल्डरने झोपडीवाल्याला 225 चौरस फुटांची खोली फुकट द्यायची आणि त्या बदल्यात उरलेल्या जागेवर विकाऊ इमारती बांधायच्या. काही कुटुंबांना पक्की घरे मिळाली, हे खरे आहे आणि ते मान्य केले पाहिजे. पण 1999 मध्ये युतीचे सरकार गेले तेव्हा चाळीस लाखांचे वचन फार दूर राहिले होते. जेथे जमिनीला भाव, तेथे बिल्डर आला. जेथे भाव नाही, तेथे झोपडी तशीच राहिली.

2024 च्या निवडणुकीत महायुतीने प्रत्येकाला अन्न आणि निवारा देण्याचे वचन दिले. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई आवास योजना आहेच. पण घरकुल मंजूर झाले तरी ते बांधायचे कोठे, हा खरा प्रश्न. ज्याच्या नावावर जागा नाही, त्याचे घरकुल कागदावरच राहते. भूमिहीनांना 500 चौरस फुटांपर्यंत जागा घेण्यासाठी अर्थसाहाय्याची योजना आहे, परंतु देवस्थानच्या गावात जागेचा भाव यात्रेकरूंकडे पाहून ठरतो, मजुराच्या खिशाकडे पाहून नाही. त्यात दर बारा वर्षांनी सिंहस्थ. 2015 चा झाला, आता 2027 चा येतो आहे. रस्ते रुंद होणार, घाट वाढणार, वाहनतळ होणार. तेव्हा रस्त्याकडेच्या घराचे आणि टपरीचे काय, हे आजच विचारले पाहिजे.

बाबासाहेबांनी 1936 साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला तेव्हा कामगाराला स्वस्त आणि आरोग्यदायी घर मिळाले पाहिजे, हे त्याच्या कार्यक्रमात होते. आपल्या नाशिक जिल्ह्याचे कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी 1959 साली आणि पुन्हा 1964-65 साली भूमिहीनांच्या जमिनीसाठी सत्याग्रह केले, लाखो माणसे तुरुंगात गेली. पायाखाली हक्काची जमीन नसेल तर डोक्यावर छप्पर टिकत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

कर : आपणही भरतो

आपल्यातले पुष्कळजण म्हणतात, ‘आपल्याला कसला आलाय कर? आपण काय शेठ आहोत?’ हा मोठा गैरसमज आहे. साबणाची वडी, मुलाची चप्पल, घराचे सिमेंट, या सर्वांवर आपण कर भरतो. 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर आला. सिमेंटवर तो 28 टक्के होता, 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के झाला. म्हणजे घरकुलाच्या अनुदानातून घेतलेल्या प्रत्येक गोणीमागे काही रक्कम सरकारकडेच परत जाते. कारखान्यात काम करणाऱ्या भावाने पगाराची पावती पाहावी, व्यवसाय कर कापलेला दिसेल. महिन्याला 25 हजारांपर्यंत पगार असलेल्या भगिनींना राज्यात 2023 पासून हा कर माफ आहे. तरीही कापला जात असेल तर विचारावे.

परंपरावादी उमेदवार नेहमी सांगतो, ‘आम्ही कर कमी करू.’ ऐकायला गोड वाटते. पण दुसरा प्रश्न लगेच विचारावा, की जमलेला पैसा कोणाच्या वाट्याला जाणार? भाजपच्या 2024 च्या संकल्पपत्रात लाडक्या बहिणींना 1500 ऐवजी 2100 रुपये देण्याचे वचन होते. मार्च 2025 च्या अर्थसंकल्पात ती वाढ आली नाही. दीड हजार मात्र अनेक घरांत आले आणि त्यातून मुलांच्या वह्या-पुस्तकांना हातभार लागला, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु मे 2025 मध्ये याच योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे 410 कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे 335 कोटी रुपये वळवले गेले. खुद्द सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. मुलाच्या शिष्यवृत्तीचा आणि वसतिगृहाचा खर्च ज्या खात्यातून होतो, त्याच खात्याला हात घालून आईला पैसे दिले, तर घरात नवे आले किती?

कराचा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. महार वतनाच्या जमिनींवरील जुडी सरकारने वाढवली तेव्हा बाबासाहेबांनी 1939 च्या डिसेंबरात नगर जिल्ह्यात हरेगावला परिषद घेऊन विरोध केला होता. गरिबाकडून किती घ्यायचे आणि त्याला काय द्यायचे, हा हिशेब त्यांनी कधी सोडला नाही.

गुन्हा : कोणाचे रक्षण?

‘कडक कायदा, जास्त पोलीस’ हे उजव्या पक्षांचे ठरलेले वाक्य. पोलीस हवेतच. आपल्या लेकी-सुनांना रात्रपाळीहून निर्धास्त घरी येता आले पाहिजे. महायुतीने 2024 मध्ये 25 हजार महिलांना पोलीस दलात घेण्याचे वचन दिले, ते पूर्ण व्हावे. पण कायदा कोणासाठी कडक आणि कोणासाठी सैल, हे पाहावे लागते. युती सरकारच्या काळात मराठवाड्यातील अकराशेहून अधिक ॲट्रॉसिटीचे खटले मागे घेतले गेले. त्याच काळात, 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जणांचे प्राण गेले. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षा व्हायला 2009 साल उजाडले.

भाजपच्या 2024 च्या संकल्पपत्रात सक्तीच्या धर्मांतराविरुद्ध कडक कायद्याचेही वचन होते. सक्ती कोणालाच नको. परंतु शेजारच्या गुजरातमध्ये 2024 साली सरकारने परिपत्रक काढून हिंदू धर्मातून बौद्ध धम्मात जाण्यासाठीही जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यावी लागेल, असे स्पष्ट केले. जुलै 2025 मध्ये आपल्या विधिमंडळाने जनसुरक्षा विधेयक मंजूर केले, त्यालाही अनेक पुरोगामी संघटनांनी विरोध केला. उद्या दीक्षा घेणारा आणि मोर्चा काढणारा गुन्हेगार ठरणार नाही ना, हे उमेदवाराकडून स्पष्ट शब्दांत वदवून घ्यावे.

आपणही कायदा माहीत करून घ्यावा. ॲट्रॉसिटी कायदा 1989 चा आहे. 2018 च्या दुरुस्तीनंतर गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा आहे. फिर्यादीची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्यावी आणि जपून ठेवावी.

लेणे काय सांगते?

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत सहलीला आपण मुलांना नेतो. तेथील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात राजमाता गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याची तिने स्तुती केली आहे. तो धर्माला धरूनच कर घेई, अपराधी शत्रूचीही हिंसा त्याला आवडत नसे, असे ती सांगते. ते लेणे तिने भिक्खूंना राहण्यासाठी दान दिले. घर, कर आणि अपराध, तिन्ही गोष्टी आल्या! पण त्याच लेखात त्याने चार वर्णांचा संकर थांबवला, याचेही कौतुक आहे.

राजा दानी होता, करात न्यायी होता आणि वर्णव्यवस्थेचा राखणदारही होता. आजच्या परंपरावादी उमेदवाराचेही तसेच असू शकते. तो घरकुल देईल, कर कमी करील आणि जातीची उतरंड मात्र जागच्या जागी ठेवील. म्हणून लेख अर्धा वाचून थांबू नये.

महाडच्या लढ्याच्या त्या काळात याच त्र्यंबकला संत चोखोबांचे मंदिर बांधण्याचा विषय निघाला होता. बाबासाहेबांच्या उपस्थितीत चर्चा झाली आणि अस्पृश्यता नष्ट करण्यासाठी झटणे हेच चोखोबांचे खरे स्मारक, असे ठरले. हार आणि काम यांतला फरक आपल्या गावाने तेव्हाच ओळखला होता.

तेव्हा माता-भगिनींनो, यंदा विहारात महिला मंडळाची एक बैठक घ्या. शाळेत जाणाऱ्या मुलीच्या हाती वही द्या. उमेदवार येईल तेव्हा घर, कर आणि कायदा या तिन्हींवर त्याने दिलेले उत्तर तारखेसह लिहून ठेवा आणि खाली त्याची सही घ्या. पाच वर्षांनी तो पुन्हा दारात येईल, तेव्हा तीच वही त्याच्यापुढे उघडा.

जयभीम!