काटा अडतो तेव्हा

अल्लीपूरच्या माणसाला काटा नवा नाही. हिंगणघाट तालुक्यातले हे आमचे गाव काळ्या जमिनीचे. कापूस, तूर आणि सोयाबीन ही येथली पिके. वर्षभराचे कष्ट शेवटी काट्यावर चढतात, आणि काटा जो आकडा दाखवील त्यावर मुलीचे लग्न, मुलाची फी आणि बँकेचे देणे ठरते. त्यामुळे काटा सांगेल ते खरे, अशी आमची श्रद्धा आहे. मालाच्या बाबतीत ती पुष्कळ अंशी योग्यही आहे. माणसाच्या शरीराच्या बाबतीत मात्र काटा अर्धेच सांगतो. ज्यांच्या घरात कोणी वजन उतरवण्यासाठी धडपडत असेल, त्यांना हे उरलेले अर्धे सांगावे म्हणून हा लेख.

मी येथल्या शाळेत शिक्षिका होते. उंची पाच फूट दोन इंच आणि वजन ११२ किलो. जोडीला मधुमेह आणि दुखरे गुडघे. सत्तेचाळिसाव्या वर्षी, म्हणजे २०१० च्या फेब्रुवारीत, नागपूरच्या एका इस्पितळात माझ्या जठराला पट्टा बसवण्यात आला. दोन वर्षांच्या कापसाचे पैसे त्यात गेले. शिकलेल्या बाईने असले काही करावे याचे गावाला नवल वाटले. पुढच्याच वर्षी, २०११ साली, नागपूरचे नितीन गडकरी यांनी मुंबईत वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली, आणि मग आमच्याकडे या विषयावर चारचौघांत बोलणे सुरू झाले. तोवर मात्र आळीतल्या बायका मला हळूच विचारीत, “बाई, पोटाले पट्टा बांधला म्हणे? सुटला तं?”

पट्टा म्हणजे काय?

प्रश्न भोळा असला तरी चुकीचा नव्हता. पट्टा म्हणजे सिलिकॉनचे एक पोकळ कडे. ते जठराच्या अगदी वरच्या भागाभोवती बसवतात. त्यामुळे वर काही चमचे अन्न मावेल एवढाच कप्पा राहतो आणि तेथून अन्न सावकाश खाली उतरते. कड्यापासून निघालेली एक नळी पोटाच्या कातडीखाली बसवलेल्या लहानशा डबीला जोडलेली असते. तिच्यात सुईने मिठाचे निर्जंतुक पाणी भरले की कडे आवळते, काढले की सैल होते. जठर कापले जात नाही, आतड्याची वाट बदलली जात नाही.

पाण्याने कमीजास्त करता येईल असा पट्टा अमेरिकेत १९८६ साली डॉ. लुबोमिर कुझमाक यांनी वापरात आणला. तो पोट न उघडता, दुर्बिणीच्या साहाय्याने बसवण्याचे श्रेय डॉ. मितिकु बेलाचेव यांचे. इथिओपियाच्या खेड्यात बालपणी गुरे राखलेला हा मुलगा पुढे बेल्जियममध्ये शल्यविशारद झाला, आणि १९९३ साली त्याने ही शस्त्रक्रिया केली. अमेरिकन सरकारची मान्यता पट्ट्याला २००१ साली मिळाली. त्यानंतरची दहा वर्षे त्याच्या भरभराटीची. आज मात्र पट्टा फारसा कोणी बसवीत नाही. कित्येकांना तो पुढे काढून टाकावा लागला, आणि जठराचा मोठा भाग कापून त्याची नळी करण्याच्या शस्त्रक्रियेने त्याची जागा घेतली. माझा पट्टा अजून जागेवर आहे. वर्षातून एकदा तो दाखवून येते.

आकडा हलेना!

पहिले आठ महिने मोठ्या आनंदाचे गेले. आठवड्याला अर्धा-पाऊण किलो वजन उतरे. ऑक्टोबरात काटा ९१ वर आला आणि तेथेच थबकला. एक आठवडा गेला, दोन गेले, दिवाळी आली आणि गेली, तरी तो ९१ सोडीना. असे अकरा आठवडे चालले.

या अकरा आठवड्यांत माझ्यापेक्षा घरच्यांचेच हाल अधिक झाले. भाऊबीजेला अमरावतीहून नणंद आली. तिने मला निरखून पाहिले आणि स्वयंपाकघरात सासूबाईंना विचारले, “वहिनी चोरून तर खात नाही ना?” सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून डब्यांची झाकणे घट्ट लागू लागली. ह्यांनी कधी पैशाचा शब्द काढला नाही, फक्त “डॉक्टरला सांगून पट्टा अजून आवळून घ्यावा का?” एवढेच विचारले. त्या एका प्रश्नात दोन वर्षांचा कापूस होता, हे मला कळत होते.

आमच्या जिल्ह्यात या संशयाला आणखी एक धार आहे. १९३६ साली गांधीजी सेवाग्रामला राहायला आले. आश्रमाच्या एकादश व्रतांत ‘अस्वाद’ हे एक व्रत आहे. जिभेवर ताबा ठेवणे ही नीतीची गोष्ट, हा संस्कार वर्ध्याच्या घराघरांत मुरलेला आहे, आणि तो चांगलाच आहे. परंतु त्याचा उलटा अर्थ लावला की घोटाळा होतो. वजन उतरत नाही, त्या अर्थी जीभ सुटली असली पाहिजे, असा निकाल लोक चौकशीविना देऊन टाकतात. आणि ज्याच्यावर तो दिला जातो, तो माणूस एक तर उपाशी राहून शरीर खंगवतो, नाही तर “सगळे व्यर्थ आहे” म्हणून पथ्यच सोडतो. शस्त्रक्रियेनंतरचा खरा धोका येथे असतो.

शरीराचा हिशेब

माझ्याजवळ खाण्याची वही होती. आहारतज्ज्ञ बाईंनी ती पानन् पान वाचली. पट्ट्याला चुकवून जाणारे पदार्थ त्यांनी प्रथम शोधले. पट्टा भाकरीचा मोठा घास अडवतो, पण आइस्क्रीम, सरबत, गोड चहा यांना अडवीत नाही. आमचे वर्ध्याचे गोरसपाक चहात बुडवले तर ते कसे विरघळून जाते, हे ज्यांनी खाल्ले आहे त्यांना ठाऊकच आहे. नागपूरच्या संत्राबर्फीचेही तसेच. मऊ आणि गोड खाणे पट्ट्यातून सहज घसरते, पोट भरल्याची जाणीव देत नाही, आणि उष्मांकांची भर मात्र घालते. माझ्या वहीत तसे काही निघाले नाही. आठ महिन्यांपूर्वी जे आणि जेवढे खात होते, तेच आणि तेवढेच मी खात होते.

“मग वजन का उतरत नाही?” मी विचारले.

“तेवढेच खाता म्हणूनच,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी हिशेब मांडला.

११२ किलोचे शरीर चालवायला जेवढे इंधन लागते तेवढे ९१ किलोच्या शरीराला लागत नाही. घटलेल्या प्रत्येक किलोमागे रोजची गरज साधारण वीस ते पंचवीस उष्मांकांनी कमी होते. माझे एकवीस किलो गेले होते, म्हणजे रोजची गरज साडेचारशेच्या आसपास कमी झाली होती. दोन-अडीच भाकरी म्हणाना! ज्या जेवणाने पूर्वी वजन उतरत होते, तेच जेवण आता वजन आहे तेथे राखायला पुरेसे झाले होते.

शिवाय शरीर मोठे काटकसरी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ साली, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज या शास्त्रज्ञाने छत्तीस तरुणांवर एक प्रयोग केला. युद्धात लढायला तत्त्वासाठी नकार दिलेले हे तरुण स्वखुशीने अर्धपोटी राहिले. सहा महिन्यांत त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. पण विश्रांतीच्या अवस्थेत शरीर जे इंधन जाळते, ते त्याहून अधिक, सुमारे चाळीस टक्क्यांनी घटले. वजन आधी भराभर उतरले, मग सावकाश, आणि शेवटी थांबल्यासारखे झाले. त्या तरुणांपैकी कोणी स्वयंपाकघरात चोरी केली म्हणून हे घडले नाही. मिळकत घटली की गृहिणी जसा हात आखडता घेते, तसा त्यांच्या शरीरांनी घेतला.

भुकेचेही असेच आहे. चरबी कमी झाली की लेप्टिन नावाचे, तृप्ती कळवणारे द्रव्य रक्तात घटते. पट्टा पोटाला आवरतो. मेंदूला मिळणाऱ्या या निरोपांवर त्याचा अंमल चालत नाही.

आवळावा की नाही?

राहिला ह्यांचा प्रश्न. डॉक्टरांनी मला तीनच गोष्टी विचारल्या. वाटीभर जेवणावर तीन-चार तास निभते का? उलटी होते का? रात्री निजल्यावर खोकला येतो किंवा आंबट वर येते का? पहिल्याचे उत्तर ‘होय’ आणि उरलेल्या दोहोंचे ‘नाही’ आले, तेव्हा त्यांनी सुई उचललीच नाही.

जेवणानंतर तासाभरात कडकडून भूक लागू लागली, तर पट्ट्यात थोडे पाणी भरण्याचा विचार होतो. पण पट्टा गरजेपेक्षा अधिक आवळला, तर घन अन्न उतरत नाही, उलट्या होतात, आणि माणूस नाइलाजाने पातळ आणि गोड खाण्याकडे वळतो. वजन उतरवण्यासाठी आवळलेल्या पट्ट्याने वजन वाढते ते असे! वरचा कप्पा ताणून मोठा होण्याचा किंवा पट्टा जागेवरून सरकण्याचा धोका असतो तो निराळाच. पोटात असह्य दुखू लागले किंवा पाण्याचा घोटही टिकेनासा झाला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता तत्काळ इस्पितळ गाठले पाहिजे.

माझ्यासाठी त्यांनी साधे उपाय लिहून दिले. रोज साठ ग्रॅम प्रथिने पोटात जावीत. त्यासाठी दाट वरण, दही, अंडी, मुगाचे धिरडे. ताटात आधी हे, मग भाजी, आणि भाकरी सर्वांत शेवटी. घास बारीक आणि चावून चावून. जेवताना पाणी नाही. ते अर्ध्या तासाने. सकाळी शेताच्या रस्त्याने पाऊण तास चालणे. आणि आठवड्यातून तीन दिवस जोराचे काम: पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे, खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि स्नायू टिकले तर शक्ती टिकते, इंधनाचा खपही फार घटत नाही. रोज वजन करायचे नाही. आठवड्यातून एकदा, ठरावीक वारी, सकाळी. आणि महिन्यातून एकदा शिंप्याच्या टेपने कंबर मोजायची.

काटा अडला होता त्याच दिवसांत कंबर दीड इंचाने उतरली होती, हे तेव्हा कळले. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी नऊवरून साडेसहावर आली होती. मधुमेहाच्या तीन गोळ्यांपैकी दोन बंद झाल्या होत्या. शाळेचा जिना मी कठड्याला न धरता चढत होते. काट्याला यातले काहीच दिसत नव्हते. आमच्या शेतावर काम करणाऱ्या वृद्ध गड्याला मी हे सांगितले, तेव्हा त्याला जराही नवल वाटले नाही. तो म्हणाला, “बाई, कापूस ओला असला का काटा जास्त दाखवते, वायला का कमी. म्हणून काय सरकी बदलते?”

शरीरातले पाणी दोन-दोन किलोंचा फरक सहज करते, हे डॉक्टरांनी मला कागदावर काढून दाखवले होते. गड्याने ते एका वाक्यात सांगितले.

बाराव्या आठवड्यात काटा हलला. त्यानंतर आणखी दोनदा असाच अडला, पण घरात पुन्हा कोणी घाबरले नाही. दोन वर्षांनी वजन ८४ वर स्थिरावले आणि आजही थोड्याफार फरकाने तेथेच आहे. नणंदेच्या मनातला सत्तरचा आकडा मी कधी गाठला नाही, आणि आता गाठायचाही नाही. गुडघे चालतात, साखर ताब्यात आहे, दोन्ही डोळे शाबूत आहेत. कापसाच्या पैशांचे चीज झाले, असे आता हेच पाहुण्यांना सांगतात.

आज पट्ट्याची जागा इतर शस्त्रक्रियांनी घेतली आहे. २०२५ साली आपल्याकडे वजन उतरवणारी आठवड्याची इंजेक्शनेही आली. उपाय कोणताही असो, वजनाच्या उताराला सपाटी येतेच. कोणाला सहा महिन्यांनी, कोणाला वर्ष-सव्वा वर्षाने. ती आली की औषध किंवा पथ्य आपल्या मनाने कमीजास्त करू नये. डॉक्टरांकडे जावे, वही दाखवावी, रक्त तपासावे आणि धीर धरावा.

आणि घरच्या मंडळींना एक विनंती. या दिवाळीत तुमच्याकडे असे कोणी पाहुणे आले, तर “किती उतरले?” असे दारातच विचारू नका. आग्रहाने अनारसा वाढू नका, आणि त्यांनी अर्धी करंजी घेतली तर त्यांच्या ताटाकडे टक लावून पाहूही नका. गुडघे कसे आहेत, झोप लागते का, हे विचारा. फराळ झाल्यावर त्यांना बरोबर घेऊन गावाच्या वेशीपर्यंत एक फेरी मारून या. चार गोष्टी बोलणे होईल, तुमचेही पाय मोकळे होतील.