उसात सळसळ, मेंदूत घंटा

अकोले तालुक्यात रात्रीची वीज आली की उसाला पाणी द्यायला जावंच लागतं. पाचट सळसळलं, की बॅटरी तिकडे वळण्याआधीच पाय थिजतात. मेंदूत कानशिलामागे खोलवर बदामाएवढा अमिग्डला असतो. अर्धवट खबरीवरच तो धोक्याची घंटा वाजवतो. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते.

दुसऱ्या रात्री गडी बांधावरूनच परततो. हायसं वाटतं, आणि त्या हायसं वाटण्यानेच टाळायची सवय पक्की होते. भीती तशीच राहते. ‘गेलो आणि काही झालं नाही’ हा अनुभव मेंदूला मिळतच नाही.

अर्थात इथली भीती खुळी नव्हे. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या २०१३ मधल्या अभ्यासात अकोले परिसरात दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ बिबटे आढळले. तेव्हा पाण्यावर जाताना सोबत न्या आणि मोबाइलवर गाणी मोठ्याने लावा.