घन विद्युत अपघटनी आंतरस्तराचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शन

घन विद्युत अपघटनी आंतरस्तर (संक्षेपाने एसईआय) हा लिथियम-आयन व तत्सम विद्युत घटांमध्ये ऋण अग्राच्या पृष्ठभागावर आपोआप तयार होणारा पातळ थर होय. त्याची जाडी बहुधा काही नॅनोमीटर ते काही दशक नॅनोमीटर एवढीच असते. बॅटरीचे आयुष्य आणि सुरक्षितता बऱ्याच अंशी या थरावर अवलंबून असल्याने त्याची रचना प्रत्यक्ष पाहण्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा उपयोग केला जातो.

नाव

ही संकल्पना इस्रायली रसायनशास्त्रज्ञ एमानुएल पेलेड यांनी १९७९ मध्ये मांडली. मराठीत या थराला कधी कधी ‘आंतरपृष्ठ’ म्हटले जाते. परंतु आंतरपृष्ठ म्हणजे दोन पदार्थांना विभागणारी केवळ सीमा, तिला जाडी नसते. येथे स्वतःची जाडी आणि रासायनिक घडण असलेला तिसराच पदार्थ अभिप्रेत आहे, म्हणून ‘आंतरस्तर’ हा शब्द अधिक योग्य ठरतो. त्याचप्रमाणे पाठ्यपुस्तकांतील ‘धनाग्र’ व ‘ऋणाग्र’ या संज्ञा विद्युत अपघटनाच्या संदर्भातील असल्याने घटाच्या बाबतीत गोंधळ होतो. या लेखात ‘ऋण अग्र’ म्हणजे घटाचे ऋण टोक, असा साधा अर्थ घ्यावा.

निर्मिती व महत्त्व

घटातील द्रवामध्ये एथिलीन कार्बोनेटसारखे सेंद्रिय द्रावक आणि त्यात विरघळलेला लिथियमचा क्षार असतो. पहिल्या प्रभारणाच्या वेळी ऋण अग्राचे विभव इतके खाली उतरते की द्रावकाचे रेणू तेथे टिकू शकत नाहीत. ते इलेक्ट्रॉन स्वीकारून विघटित होतात आणि त्यांचे अवशेष अग्रावर साचतात. हा साचलेला थर लिथियमच्या आयनांना वाट देतो, इलेक्ट्रॉनांना मात्र अडवतो; त्यामुळे ज्या विक्रियेतून तो जन्मतो तीच विक्रिया तो जवळजवळ थांबवतो. ॲल्युमिनियमच्या भांड्यावरील ऑक्साइडचा पापुद्रा आतल्या धातूचे रक्षण करतो, तसाच हा प्रकार आहे.

या संरक्षणाची किंमत लिथियमच्या रूपाने मोजावी लागते. थरात अडकलेला लिथियम पुन्हा उपयोगात येत नाही. पुढे प्रत्येक प्रभारणात ऋण अग्र फुगते व आकसते, थराला तडे जातात आणि ते बुजवण्यात आणखी लिथियम खर्ची पडतो. कोल्हापूरहून वाघबिळाचा चढ चढून पन्हाळ्यास येणारी विजेवरील दुचाकी काही वर्षांनी एका प्रभारणात पूर्वीइतके अंतर कापत नाही, त्याचे एक प्रमुख कारण हेच. ऋण अग्र शुद्ध लिथियम धातूचे असेल तर धोका वाढतो. थर असमान असल्यास धातूचे सुईसारखे अंकुर वाढतात. ते विभाजक पडदा भेदून पलीकडे पोचले की घटात लघुपरिपथन होऊन आग लागू शकते.

निरीक्षणातील अडचण

क्रमवीक्षण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पृष्ठभागाचा आकार, तडे व अंकुर दिसतात. थराची आतील घडण पाहण्यास पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. परंतु लिथियमचा अणुक्रमांक केवळ ३ असल्याने तो इलेक्ट्रॉनांचे विकिरण फार क्षीणपणे करतो. हवा व बाष्प लागताच त्याचे रूप पालटते. शिवाय त्याचा वितळबिंदू सुमारे १८० अंश सेल्सिअस असून इलेक्ट्रॉन शलाकेच्या माऱ्याने नमुन्याला पाहता पाहता भोके पडतात. त्यामुळे चित्रात दिसते ते घटातील वास्तव की शलाकेने केलेला विध्वंस, हे सांगणे दीर्घकाळ अवघड होते.

शीत-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शन

यावरचा उपाय जीवशास्त्रातून आला. रेणू गोठवून त्यांची चित्रे घेण्याच्या तंत्रासाठी जॅक दुबोशे, योआखिम फ्रँक व रिचर्ड हेंडरसन यांना २०१७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातील यी त्स्वी यांच्या गटाने हे तंत्र लिथियमला लावले. सूक्ष्मदर्शकाच्या तांब्याच्या जाळीवरच लिथियमचे अंकुर वाढवून ती जाळी थेट द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवण्यात आली. अतिशीत अवस्थेत विक्रिया मंदावतात आणि नायट्रोजनमुळे हवेचा स्पर्शही टळतो. अशा नमुन्यात अणूंच्या ओळी स्पष्ट दिसल्या. साध्या कार्बोनेट द्रवात तयार झालेला थर अस्फटिकी सेंद्रिय पदार्थात विखुरलेल्या लिथियम ऑक्साइड व लिथियम कार्बोनेटच्या सूक्ष्म स्फटिकांचा आढळला. द्रवात फ्लुओरोएथिलीन कार्बोनेट मिसळल्यावर मात्र तो अधिक सुव्यवस्थित पदरांचा झाला. असे पूरक द्रव्य घातल्याने घट अधिक टिकतो हे आधीच अनुभवास आले होते. आता त्यामागील रचना डोळ्यांना दिसली.

२०१८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी द्रवासह गोठवलेल्या घटाचे छेद तपासले, तेव्हा दोन प्रकारचे अंकुर आढळले आणि त्यांपैकी एकात लिथियम हायड्राइड असल्याचे दिसले. २०१९ मध्ये सॅन डिएगो येथील गटाने दाखवले की लिथियम धातूच्या घटात वाया जाणाऱ्या लिथियमचा मोठा भाग आंतरस्तरात नसून विद्युत संपर्क तुटलेल्या ‘मृत’ धातूच्या रूपात असतो. तोवर बहुतेक दोष आंतरस्तरालाच दिला जात असे. पुढे २०२२ मध्ये, द्रवात भिजलेला थर सुजलेला असतो व कोरड्या नमुन्यात तो आकसलेला दिसतो, हे स्टॅनफर्डमध्येच उघड झाले. त्यामुळे धुऊन वाळवलेल्या नमुन्यांवरील आधीची मोजमापे जपून वाचावी लागतात. गोठवलेले चित्र हे एका क्षणाचेच असते आणि पाहिलेला भाग संपूर्ण अग्राच्या मानाने नगण्य असतो, हीही मर्यादा राहतेच.

महाराष्ट्रातील संदर्भ

पुण्यातील आयसर ही संस्था व केपीआयटी टेक्नॉलॉजीज यांनी डिसेंबर २०२३ मध्ये सोडियम-आयन बॅटरीचे तंत्रज्ञान जाहीर केले. सोडियम विपुल व स्वस्त आहे; परंतु त्याच्या घटातील आंतरस्तराचे घटक लिथियमच्या तुलनेत द्रवात अधिक विरघळतात, म्हणून तेथे हा थर टिकवणे अधिक कठीण ठरते. पवई येथील आयआयटी मुंबईच्या प्रगत उपकरण केंद्रातील इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक बाहेरील संशोधकांनाही शुल्क भरून वापरता येतात. मात्र या कामासाठी नमुना निष्क्रिय वायूने भरलेल्या पेटीपासून सूक्ष्मदर्शकापर्यंत हवेचा स्पर्श न होता न्यावा लागतो.