उजवी लेन कुणासाठी?

खंडाळ्याच्या घाटात मुंबईहून पुण्याकडे चढताना हे दृश्य बहुतेकांनी पाहिलेले असते. डाव्या लेनमध्ये एक भरलेला ट्रक रांगत असतो. मधल्या लेनमध्ये दुसरा ट्रक त्याला मागे टाकायच्या खटपटीत असतो. या दोघांनाही कंटाळलेला तिसरा ट्रक उजव्या लेनमध्ये शिरलेला असतो. तिघांच्या वेगांत जेमतेम उन्नीस-बीसचा फरक. मागे मोटारी, बस आणि कधी कधी एखादी रुग्णवाहिकाही खोळंबलेली. शेजारीच फलक असतो : जड वाहनांनी डाव्या लेनमधून जावे.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्णपणे खुला झाला. लांबी सुमारे साडेचौऱ्याण्णव किलोमीटर, दोन्ही दिशांना तीन-तीन लेन. नियम अगदी साधा आहे. डावी लेन जड आणि सावकाश वाहनांसाठी, मधली मोटारींसाठी आणि उजवी फक्त पुढच्या वाहनाला ओलांडण्यासाठी. ओलांडून झाले की परत मधल्या लेनमध्ये यायचे. हा नियम पाठ नाही असा वाहनचालक सापडणे कठीण. मग तो पाळला का जात नाही? ‘आपल्या लोकांना शिस्तच नाही’ असे म्हटले की विषय संपतो, पण प्रश्न तसाच राहतो. आपण जरा गणिताच्या वाटेने जाऊन पाहू.

धोका वेगात की वेगांमधील फरकात?

समजा, एक मोटार ताशी १०० किमी वेगाने चालली आहे, म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर. अडथळा दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यात मोटार ४२ मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर चांगल्या कोरड्या रस्त्यावर ती पूर्ण थांबायला आणखी सुमारे ६४ मीटर लागतात.

आता या मोटारीच्या पुढे ताशी ३० किमी वेगाचा ट्रक अचानक लेन बदलून आला. मोटारीला थांबायची गरज नाही. तिचा वेग ट्रकाइतका झाला तरी पुरे. दोघांच्या वेगांतला फरक ताशी ७० किमी, म्हणजे सेकंदाला १९ मीटरपेक्षा थोडा जास्त. दीड सेकंदात २९ मीटरचे अंतर मिटते आणि ब्रेक लागल्यावर आणखी ३१ मीटर. एकूण ६० मीटर. ट्रक याहून कमी अंतरावर पुढे आला, तर मोटारचालक कितीही कुशल असला तरी टक्कर टळत नाही. पावसात किंवा झिजलेल्या टायरवर हे अंतर आणखी वाढते.

मोटारीच्या पुढे ताशी ९० किमी वेगाची दुसरी मोटार आली असती तर? हेच गणित केल्यास उत्तर पाच मीटरही येत नाही. म्हणजे लेनची व्यवस्था वाहनांची जात पाहत नाही, ती वेगांची वर्गवारी करते. सारख्या वेगाची वाहने एका रांगेत आली की त्यांच्यातला फरक लहान होतो आणि चुकीला क्षमा मिळते. रस्त्यावर रंगवलेल्या तुटक पांढऱ्या रेषांचे हेच काम.

हत्तींची शर्यत

ताशी ५५ किमी वेगाच्या ट्रकाला ताशी ६० किमी वेगाचा ट्रक ओलांडतो आहे. प्रत्येकाची लांबी १२ मीटर धरू. ओलांडण्यापूर्वी २० मीटर आणि नंतर २० मीटर मोकळी जागा धरू. म्हणजे दुसऱ्या ट्रकाला पहिल्याच्या तुलनेत ६४ मीटर जास्त जायचे आहे. ताशी ५ किमी म्हणजे सेकंदाला १.३९ मीटर. भागाकार केला की ४६ सेकंद येतात. एवढ्या वेळात तो ट्रक रस्त्यावर पाऊण किलोमीटरहून जास्त पुढे जातो आणि तोवर मधली लेन अडलेली असते. पाचशे मीटर मागे असलेली, ताशी १०० किमी वेगाची मोटार तेवढ्यात त्याच्या पाठीशी येऊन ठेपते.

जर्मनीत या प्रकाराला ‘हत्तींची शर्यत’ अशा अर्थाचा शब्दच आहे आणि ओलांडणाऱ्याचा वेग दुसऱ्यापेक्षा बराच जास्त असला पाहिजे, असे तिथला वाहतूक कायदा सांगतो. वेगांतला फरक ताशी २० किमी असता, तर हेच काम साडेअकरा सेकंदांत उरकले असते.

पण सारा दोष ट्रकांच्या माथी मारणे सोपे असले तरी खरे नाही. उजव्या लेनमधून ताशी ७०-८० किमी वेगाने, मागच्याला वाट न देता तासभर जाणारी मोटारही तोच नियम मोडत असते. तिच्यामुळे मागच्या मोटारी डावीकडून ओलांडू लागतात, म्हणजे आरशात जिकडे कुणी पाहत नाही तिकडून. फरक एवढाच, की ट्रकाचा गुन्हा लांबून दिसतो आणि मोटारीचा दिसत नाही.

शेजारची लेन नेहमी जोरात का?

गर्दीत आपण लेन का बदलतो? शेजारची रांग जास्त वेगाने सरकते आहे असे वाटते म्हणून. कॅनडातील रेडलमायर आणि टिब्शिरानी या संशोधकांनी १९९९ साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिले, की दोन्ही लेनचा सरासरी वेग सारखा असला तरी असे वाटू शकते. त्यामागचे गणित शाळेतल्या मुलांनाही जमेल.

दोन लेनचा दोन किलोमीटर लांबीचा रस्ता घेऊ. ‘अ’ लेनमध्ये पहिला किलोमीटर वेग ताशी ६० किमी आणि दुसरा किलोमीटर २० किमी. ‘ब’ लेनमध्ये याच्या उलट. दोन्ही लेनमधल्या वाहनांना लागणारा वेळ सारखाच : १ मिनिट अधिक ३ मिनिटे, म्हणजे ४ मिनिटे. आता ‘अ’मध्ये बसून पाहा. पहिला १ मिनिट आपण शेजारच्यांना मागे टाकतो. पुढची ३ मिनिटे शेजारचे आपल्याला मागे टाकतात. गंमत अशी, की आपण ओलांडलेल्या आणि आपल्याला ओलांडणाऱ्या वाहनांची संख्या सारखीच भरते. सावकाश वाहने दाटीने चालतात, त्यामुळे ती एका मिनिटात भराभर मागे पडतात. वेगवान वाहने विरळ असतात, त्यामुळे ती एकेक करून तीन मिनिटे आपल्याला खिजवत जातात. चारपैकी तीन मिनिटे आपण ‘हरत’ असतो, प्रत्यक्षात मात्र बरोबरी असते.

जिंकलो तरी हाती काय लागते? पन्नास किलोमीटर अंतर ताशी ८०ऐवजी ९० किमी सरासरीने कापले, तर वाचतात चार मिनिटे आणि दहा सेकंद.

पण लेन बदलणाऱ्याच्या मागे काय घडते ते त्याला दिसत नाही. त्याच्यामुळे मागच्याने थोडा ब्रेक दाबला, त्याच्या मागच्याने जरा जास्त, त्याच्या मागच्याने आणखी जास्त. जपानी शास्त्रज्ञांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २३० मीटर परिघाच्या वर्तुळावर २२ मोटारी ताशी सुमारे ३० किमी वेगाने चालवायला सांगितल्या होत्या. अडथळा कुठलाच नव्हता. तरीही थोड्याच वेळात काही मोटारी थांबू लागल्या आणि हा खोळंबा ताशी सुमारे २० किमी वेगाने लाटेसारखा मागे सरकत राहिला. हायवेवर ‘पुढे अपघात नाही, काही नाही, मग अडकलो कशाला?’ असे आपण म्हणतो, त्याचे एक उत्तर हे आहे.

पहिला कोण मोडतो?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नियम सर्वांच्या फायद्याचा असूनही मोडतो कसा?

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ साली जमावाच्या वागण्याविषयी एक सोपे प्रारूप मांडले. ते आपण रस्त्यावर लावून पाहू. शंभर चालक आहेत. एक जण कुणी मोडो न मोडो, नियम मोडणारच. दुसरा, एकाला मोडताना पाहिले की मोडतो. तिसरा दोघांना पाहिल्यावर, चौथा तिघांना पाहिल्यावर. शंभरावा इतका सज्जन, की नव्याण्णव जणांनी मोडल्याशिवाय मोडणार नाही. निकाल काय? एकामागून एक करत शंभरही जण नियम मोडतात. आता फक्त दुसरा चालक बदला. तो एकाला पाहून मोडत नाही, दोघांना पाहूनच मोडतो, एवढाच फरक. मग साखळी पहिल्याच कडीला तुटते. मोडणारा एक, पाळणारे नव्याण्णव. माणसे जवळजवळ तीच, निकाल मात्र उलटा.

म्हणून एखाद्या रस्त्यावरची बेशिस्त पाहून तिथल्या माणसांच्या स्वभावाविषयी निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. तोच चालक पोलिसांची गाडी उभी असलेल्या पट्ट्यात डाव्या लेनमध्ये असतो आणि दोन किलोमीटर पुढे मधल्या लेनमध्ये. स्वभाव दोन किलोमीटरांत बदलत नाही. आम्हीही याला अपवाद नाही. घाटात उजवी लेन अडलेली पाहून डावीकडून ओलांडायचा मोह आम्हाला झाला आहे आणि एकदा तो आवरलाही नाही. त्या वेळी मनात आलेले वाक्य होते : सगळेच तर करतात.

दंड किती, यापेक्षा होतो का

इटालियन विचारवंत बेक्कारिया यांनी १७६४ सालीच लिहून ठेवले, की गुन्हा रोखते ती शिक्षेची कठोरता नव्हे, तिची खात्री. गणितात मांडू. समजा, नियम पाचशे वेळा मोडल्यावर एकदा माणूस सापडतो आणि दंड हजार रुपये आहे. म्हणजे दर वेळची ‘किंमत’ दोन रुपये. दंड पाचपट केला तर दहा रुपये. पण दंड हजारच ठेवला आणि वीस वेळांत एकदा पकडले, तर किंमत पन्नास रुपये होते.

मोटार वाहन कायद्यातील सुधारणेने १ सप्टेंबर २०१९ पासून दंडाच्या रकमा बऱ्याच वाढवल्या. गुजरातने त्याच महिन्यात त्यांतल्या काही कमी केल्या. महाराष्ट्रात वाढीव दंड डिसेंबर २०२१ मध्ये लागू झाले. चर्चा झाली ती रकमेची. खात्रीचा प्रश्न मागेच राहिला.

अंमलबजावणीतली विषमता तीन प्रकारची असते. एक जागेची : टोलनाक्यावर कायदा आहे, घाटाच्या वळणावर नाही. दुसरी माणसाची : परगावच्या नंबरचा ट्रक थांबवला जातो, काचेवर पदाची पाटी लावलेली मोटार पुढे जाते. तिसरी शेवटाची : चलान निघते, पण भरलेच नाही तरी अनेक वर्षे काही बिघडत नाही. या तिन्हींमुळे दंड हा नियम मोडल्याचा परिणाम न वाटता नशिबाचा फेरा वाटू लागतो. ‘सापडलो’ असे आपण म्हणतो, ‘चुकलो’ असे म्हणत नाही. शिवाय प्रामाणिकपणे डाव्या लेनमध्ये रांगणाऱ्या चालकाला रोज दिसते, की मोडणारा पुढे गेला आणि आपण मागे राहिलो. ग्रॅनोव्हेटरच्या साखळीतला पुढचा माणूस असा तयार होतो.

द्रुतगती मार्गावर २०२४ पासून वेग आणि लेन यांवर लक्ष ठेवणारी कॅमेऱ्यांची यंत्रणा सुरू झाली आहे. कॅमेऱ्याला पदाची पाटी वाचता येत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण सुटा कॅमेरा जागेची विषमता घालवत नाही. त्याच्यापुढे वेग कमी करून नंतर वाढवता येतो. इटलीत २००५ पासून काही महामार्गांवर दोन ठिकाणांमधील सरासरी वेग मोजतात. २० किलोमीटर अंतर १० मिनिटांत कापले, तर मधे कुठेतरी वेग नक्कीच ताशी १२० किमी होता. बारावीच्या गणितातले मध्यमान प्रमेय ते हेच. आणि चिखलाने झाकलेली नंबर प्लेट किंवा न भरलेले चलान यांचा बंदोबस्त कुठलाही कॅमेरा करत नाही. तो माणसांनीच करायचा आहे.

ट्रकचालकाची बाजूही ऐकायला हवी. चढावर भरलेला ट्रक एकदा थांबला, की पुन्हा पहिल्या गिअरवर उठवताना क्लच जळतो. डाव्या लेनमध्ये बंद पडलेला ट्रक, मागे दिव्याऐवजी दगड आणि झाडाची फांदी; रात्री ते दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो. जी लेन त्याने पाळावी असे आपण म्हणतो, ती मोकळी आणि उजेडाची ठेवणे हाही अंमलबजावणीचाच भाग आहे.

वर्गात करण्यासाठी

पटांगणावर खडूने मोठे वर्तुळ आखून वीस-बावीस मुलांना एकामागून एक ठरावीक चालीने चालायला सांगा. एकाला मधेच क्षणभर थबकायला सांगा आणि मागे जाणारी लाट सगळ्यांना पाहू द्या. दुसऱ्या दिवशी शंभर चालकांचे कोडे घाला. मुले आपापला आकडा चिठ्ठीवर लिहितील : कितींनी मोडल्यावर मी मोडीन? चिठ्ठ्यांवर नाव नको. फळ्यावर आकडे चढत्या क्रमाने लावा आणि साखळी कुठपर्यंत जाते ते बघा. शिक्षकांनीही आपली चिठ्ठी टाकावी. ती टाकताना आमच्याही मनात थोडी चलबिचल झाली होती.