मेस्किट आणि ठासणीची बंदूक : शंभर वर्षांचा मागोवा

1924 साली जॉन डिलिन यांचं ‘द केंटकी रायफल’ हे पुस्तक निघालं, तेव्हा हाताने रायफल घडवणारे अमेरिकेत जवळजवळ उरलेच नव्हते. कारखान्यातल्या काडतुसांच्या बंदुकांनी त्यांचा धंदा कधीच बसवला होता. नैर्ऋत्येकडच्या रखरखीत मुलखात मेस्किटच्या झाडाचीही तशीच पत गेली होती. गुरं पाळणाऱ्यांना ते काटेरी तण वाटे. पुढे पुढे तर दोन ट्रॅक्टरांच्या मध्ये जाड साखळी ओढून रानंच्या रानं उपटली गेली. नंतर दोघांनाही बरे दिवस आले, ते बरेचसे हौशी माणसांमुळे.

बंदुकीची गोष्ट आधी. अठराव्या शतकात पेन्सिल्वेनियात आलेल्या जर्मन कारागिरांनी आपली आखूड, जाड नळीची शिकारी बंदूक लांब आणि सडपातळ केली. गोळी लहान झाली, शिसं वाचलं. हीच ती केंटकी रायफल. लँकेस्टरचा जेकब डिकर्ट हा त्यातला नावाजलेला. नळीसाठी लोखंडाची पट्टी तापवून दांड्याभोवती गुंडाळायची, कडा ठोकून सांधायच्या, आतून भोक साफ करायचं आणि मग लाकडी यंत्रावर नळीत पिळाच्या खाचा ओढायच्या. हे सगळं घण, कानस आणि हातांच्या जोरावर.

ही विद्या परत कशी आली? 1933 साली ठासणीच्या बंदुकांच्या शौकिनांनी राष्ट्रीय संघटना काढली. इंडियानातल्या फ्रेंडशिप या गावी त्यांच्या नेमबाजीच्या स्पर्धा आजही भरतात. 1954 मध्ये टेनेसीतल्या टर्नर कर्कलंडने सुट्या भागांचं दुकान थाटलं. पण खरी कलाटणी मला वाटते ती 1969 ची. कलोनियल विल्यम्सबर्ग या जुन्या वसाहतीच्या संग्रहालयातल्या वॉलेस गसलरने लोखंडाच्या पट्टीपासून पुरी रायफल घडवली, त्यावरचा माहितीपट त्या वर्षी आला. ‘हे आजही जमतं’ हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. 1972 च्या ‘जेरेमायाह जॉन्सन’ या रॉबर्ट रेडफर्डच्या सिनेमाने तर हॉकन या जुन्या ठासणीच्या रायफलचं वेडच लावलं.

नळी दस्त्यात बसवण्याचं काम बघण्यासारखं असतं. नळीला दिव्याची काजळी फासायची, लाकडातल्या खाचेत दाबायची, उचलायची. जिथे काळा डाग उमटला तिथे लाकूड उंच आहे. तेवढंच पटाशीने खरवडायचं. पुन्हा काजळी, पुन्हा दाब. नळीच्या पूर्ण लांबीवर सारखा डाग उमटेपर्यंत हे चालतं. घाई केली की फट राहते, आणि ती झाकायला भुसा-सरस भरला तर जाणकाराच्या नजरेतून सुटत नाही.

इथेच मेस्किट गोष्टीत शिरतं. जुने कारागीर लाटालाटांच्या रेषांचा मेपल वापरीत, कारण तो त्यांच्या जंगलात होता. पण ओला मेपल पूर्ण वाळेपर्यंत आकारमानात सुमारे 15 टक्के आटतो, मेस्किट जेमतेम 5. शिवाय मेस्किट वाढीच्या वलयांना आडवं आणि वलयांच्या कडेने जवळजवळ सारखंच आटतं, त्यामुळे फारसा पीळ पडत नाही. बसवलेली नळी पावसाळ्या-उन्हाळ्यात जागची हलू नये, यापेक्षा दस्त्याकडून आणखी काय हवं? अडचण एकच : झाड वाकडंतिकडं, बुंधा आखूड, आत किड्यांची भोकं. पाच फुटी बंदुकीच्या अखंड दस्त्याला सरळ फळी मिळणं नशिबाचं काम. अर्ध्या दस्त्याच्या हॉकनला मात्र ते शोभतं. वजन वाढतं, हे कबूल.

झाडाची बाजूही ऐकण्याजोगी आहे. सोनोरन वाळवंटातले तोहोनो ओ'ओदम लोक मेस्किटच्या गोड शेंगा कुटून पीठ करीत आले आहेत. आता ॲरिझोनातल्या टुसॉनमधले शहरी लोकही हौसेने तसं पीठ करून घेतात. टुसॉनजवळच्या खाणीत 1960 च्या सुमारास मेस्किटची मुळं 50 मीटरहून खोल सापडली. तरी त्याच शहराजवळचं सॅन झेवियरचं मेस्किटचं मोठं बन भूजल उपसल्याने गेल्या शतकात वाळून गेलं. झाड पाण्यामागे जाईल, पण किती?

आपण हे झाड परकं समजू नये. दसऱ्याला जिची पूजा होते आणि जिच्यात पांडवांनी शस्त्रं लपवली असं सांगतात, ती शमी मेस्किटची नातलग. आणि आपली वेडी बाभूळ तर सख्खं भावंडच. 1870 च्या दशकात इंग्रजांनी ती इकडे आणली, 1940 मध्ये जोधपूर संस्थानाने तिला ‘शाही वृक्ष’ ठरवलं, आणि आज सोलापूर-मराठवाड्याच्या माळांवर ती सगळ्यांच्या शिव्या खाते. शिव्या रास्तच आहेत. ती कुरणं गिळते. पण तोडल्यावर तिचा एकच उपयोग आपल्याला सुचतो, कोळसा. बंदुका आपल्याला करायच्या नाहीत; खुर्ची, पाट, अवजारांचे दांडे मात्र हवेतच. पुढच्या वेळी माळ साफ करताना जाड बुंधा मिळाला, तर भट्टीत घालण्याआधी तो गावच्या सुताराला एकदा दाखवा.