बेडकांवर पोट भरतं का?

‘बेडूक-संशोधक पाहिजे’ अशी जाहिरात वर्तमानपत्रात कधी आली नाही आणि येण्याची शक्यताही नाही. त्यामुळे प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या मुलीने घरी ‘मला बेडकांवर काम करायचंय’ असं सांगितलं की आधी हसू उमटतं, मग काळजी दाटते आणि शेवटी बी.एड.चा फॉर्म भरायचा सल्ला मिळतो. हसू सोडून देऊ. काळजी मात्र अगदीच निराधार नाही. तिच्यात खरं थोडं असतं आणि ऐकीव फार. ते निवडून वेगळं करायला हवं.

‘एवढ्याशा प्राण्यासाठी पैसे कोण देणार?’

वाघाला पैसा मिळतो आणि बेडकाला मिळत नाही, हे निम्मं खरं आहे. वाघाइतका कुणालाच मिळत नाही. पण उभयचर हा आज पृथ्वीवरचा सर्वांत संकटात असलेला पृष्ठवंशी गट आहे. २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या जागतिक आढाव्यात ८,०११ जाती तपासल्या गेल्या आणि त्यांतल्या सुमारे ४१ टक्के नामशेष होण्याच्या वाटेवर असल्याचं दिसलं. पक्षी किंवा सस्तन प्राण्यांत हे प्रमाण बरंच कमी आहे. कायट्रिड नावाच्या बुरशीने बेडकांच्या कातडीवर हल्ला चढवून जगभरातल्या किमान ५०१ जातींची संख्या घटवली आणि त्यांतल्या ९० बहुधा कायमच्या संपवल्या, असा हिशेब २०१९ मध्ये ‘सायन्स’ने छापला. असे आकडे आले की त्यांच्यामागे निधी येतो. ब्रिटनमधलं रफर्ड फाउंडेशन, एकेका जातीसाठी २५,००० डॉलरपर्यंत अनुदान देणारा मोहम्मद बिन झायद निधी, लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीची ‘एज’ फेलोशिप ही दारं भारतीय तरुणांसाठी उघडी आहेत. आपल्याकडच्या अनेक बेडूक-अभ्यासकांचं पहिलं स्वतंत्र काम असल्याच छोट्या अनुदानावर झालेलं आहे.

पण अनुदान म्हणजे पगार नव्हे, हे लक्षात ठेवायला हवं. त्यात प्रवास, उपकरणं, स्थानिक मदतनिसाचं मानधन बसतं. अर्जदाराचं घरभाडं क्वचितच बसतं. पोट भरण्याचा नेहमीचा मार्ग वेगळा आहे. सीएसआयआर-यूजीसीची नेट परीक्षा जेआरएफसह (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीसह) उत्तीर्ण झालं तर पीएच.डी.साठी दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे वरिष्ठ फेलो म्हणून ४२,००० रुपये मिळतात; वर घरभाडं भत्ता. १ जानेवारी २०२३ पासूनचे हे दर आहेत. विषयाच्या जागी ‘जीवशास्त्र’ लिहिलेलं असतं, बेडकाचा उल्लेख कुठेच नसतो आणि त्याने काही बिघडत नाही. महाराष्ट्रातल्या ठरावीक समाजगटांतल्या विद्यार्थ्यांसाठी बार्टी, सारथी आणि महाज्योती यांच्या पीएच.डी. अधिछात्रवृत्त्याही आहेत. प्राणिशास्त्राच्या विभागात त्यांची चौकशी होताना मात्र फारशी दिसत नाही. जणू त्या इतिहास-मराठीवाल्यांसाठीच राखीव आहेत!

‘प्राणिशास्त्रच लागतं’

‘फ्रॉगमॅन’ म्हणून ओळखले जाणारे सत्यभामा दास बिजू मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. पहिली डॉक्टरेट वनस्पतींवर, केरळच्या वनस्पती उद्यानात नोकरी. बेडकांकडे ते नंतर वळले आणि ब्रुसेल्समध्ये दुसरी डॉक्टरेट केली. २००३ मध्ये त्यांनी फ्रँकी बॉसाइट यांच्यासोबत जांभळ्या बेडकाचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि पश्चिम घाटातल्या बेडकांकडे जगाचं लक्ष वळलं. सह्याद्रीतल्या बेडकांचं चित्रमय मार्गदर्शक पुस्तक आणि मोबाइल ॲप करणारे के. व्ही. गुरुराज बंगळुरूच्या एका डिझाइन महाविद्यालयात शिकवतात.

या उदाहरणांवरून कुणी पदवी सोडून जंगलात पळू नये. मुद्दा एवढाच की या क्षेत्रात नेमणारा माणूस पदवीच्या नावाआधी हातातलं कौशल्य बघतो. बेडकाचा आवाज ध्वनिमुद्रित करून त्याचा आलेख वाचता येतो का? आर या संगणकभाषेत संख्याशास्त्र करता येतं का? पिंजून काढलेल्या तळ्याचा नकाशा क्यूजीआयएसमध्ये मांडता येतो का? डीएनए काढून क्रमवारी लावता येते का? यांतलं एखादं नीट येणारा संगणकशास्त्राचा किंवा पशुवैद्यकाचा विद्यार्थी, नुसतीच एम.एस्सी. झूलॉजी असलेल्याच्या पुढे जातो. २०२३ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या रेणवीय जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलिया आणि पनामातल्या सहकाऱ्यांसोबत कायट्रिड ओळखण्याची नवी चाचणी जाहीर केली. अशा कामात चिखलात उतरणाऱ्याइतकीच पीसीआर यंत्रासमोर बसणाऱ्याचीही गरज असते.

उलट बाजूही सांगायला हवी. यूजीसीने २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या वर्गातलं विच्छेदन बंद केलं. ते योग्यच झालं. पण ट्रेमधला बेडूक गेला आणि त्याच्या जागी तळ्यातला आला नाही. एकही बेडूक आवाजावरून न ओळखता एम.एस्सी. होता येतं, आणि पुष्कळजण होतात.

‘परदेशी गेल्याशिवाय खरं शिक्षण नाही’

भारतात उभयचरांच्या ४५०हून अधिक जाती आहेत आणि पश्चिम घाटातल्या बहुतेक जाती जगात दुसरीकडे कुठेही सापडत नाहीत. आंबोलीच्या सड्यावरचा (खडकाळ पठारावरचा) आंबोली टोड २००९ मध्ये शास्त्रीय नावानिशी जगापुढे आला. उथळ दगडी खळग्यांत साचलेल्या पावसाच्या पाण्यात तो अंडी घालतो. पावसाने चार दिवस ओढ दिली की खळगा आटतो आणि पिढी जाते. त्याचा चुलतभाऊ कोयनेच्या परिसरात आहे. महाराष्ट्रातल्या पश्चिम घाटात सापडलेल्या एका छोट्या झाडबेडकाला २०१३ मध्ये मॉडर्न महाविद्यालयातले प्राध्यापक हेमंत घाटे यांचं नाव दिलं गेलं. ते वर्णन करणाऱ्यांत गरवारे महाविद्यालयातले आनंद पाध्ये होते. गोव्याच्या नावाचे दोन बेडूक, ‘गोमंतकी’ आणि ‘गोएमची’, २०१५ आणि २०१८ मध्ये नोंदले गेले. पाय नसलेली, गांडुळासारखी दिसणारी उभयचर देवगांडुळं तर आंबोली-खंडाळ्याच्या मातीत शास्त्रज्ञांची वाटच बघत होती. यांतलं बरंचसं काम पुण्या-मुंबईतल्या माणसांनी केलं, सुट्ट्या काढून आणि एसटीने फिरून.

म्हणजे ज्याचा अभ्यास करायचा तो इथेच आहे. शिवाय जैविक विविधता कायदा, २००२ मुळे इथले नमुने परदेशी प्रयोगशाळेत नेणं मंजुरीशिवाय शक्य नाही, त्यामुळे भारतीय बेडकावर काम करणाऱ्या परदेशी प्राध्यापकालाही इथला भागीदार शोधावा लागतो.

पदव्युत्तर शिक्षणासाठी बंगळुरूच्या एनसीबीएसमधली वन्यजीवशास्त्राची एम.एस्सी. आणि डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेची एम.एस्सी. या दोन्ही नावाजलेल्या, जागा मोजक्याच आणि प्रवेश दरवर्षी निघतीलच असं नाही. पुण्यात गरवारे महाविद्यालयात जैवविविधता विषयात एम.एस्सी. होते. पीएच.डी.साठी भारतीय विज्ञान संस्थेचं परिस्थितिकी केंद्र, एट्री, सीसीएमबी, दिल्ली विद्यापीठ, पुणे विद्यापीठाचा प्राणिशास्त्र विभाग, मुंबईत बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी). बीएनएचएसचा सरीसृप-उभयचरांवरचा छोटा प्रमाणपत्र अभ्यासक्रम तर नोकरी सांभाळूनही जमतो. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण असतील तर एम.एस्सी. न करता थेट पीएच.डी.ला बसता येतं, ही यूजीसीची २०२२ ची तरतूद अजून अनेक पालकांच्या कानावर गेलेली नाही. मला ती फारशी पसंत नाही, एम.एस्सी.च्या प्रबंधात झालेल्या चुका स्वस्तात पडतात, पीएच.डी.तल्या महागात.

परदेशी जायचंच असेल तर संस्थेच्या नावाआधी पगार बघावा. नेदरलँड्स, स्वीडन, स्वित्झर्लंड इथे पीएच.डी.चा विद्यार्थी सामान्यतः कर्मचारी मानला जातो आणि त्याला वेतन मिळतं. स्वतःच्या खिशातून लाखो रुपये भरून एक वर्षाची ‘कॉन्झर्वेशन’ची पदवी आणणं हा वेगळा व्यवहार झाला. त्यासाठी शैक्षणिक कर्ज काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे, कारण संवर्धनातल्या सुरुवातीच्या पगारातून ते फिटत नाही.

‘रानात भटकायचे पैसे मिळतात’

जून ते सप्टेंबर, तेही रात्री. डोक्याला टॉर्च, पायात गमबूट, अंगावर जळवा आणि आत शिरणारं पाणी थोपवू न शकणारा रेनकोट. दर तळ्यानंतर बूट जंतुनाशकात बुडवायचे, म्हणजे एका पाण्यातली बुरशी दुसऱ्यात जायला नको. उरलेले आठ महिने खोलीत, संगणकासमोर. हजारो तासांचं ध्वनिमुद्रण ऐकणं, तक्ते भरणं, अहवाल लिहिणं, परवान्याच्या फाइलचा पाठपुरावा करणं. वन्यजीव कायद्याखाली संरक्षित जाती पकडायच्या तर वनविभागाची लेखी परवानगी हवी, अभयारण्यात नुसतं फिरून पाहणी करायलाही हवी. ती यायला इतका वेळ लागू शकतो की एक आख्खा पावसाळा हातचा जातो. ‘रोपट्याखाली बेडूक होता, उचलला’ ही सबब चालत नाही.

नव्या जातीला नाव देणं हे या कामातलं सर्वांत झगमगीत आणि सर्वांत छोटं प्रकरण आहे. त्यावर कुणी पगार देत नाही.

‘म्हणजे प्राध्यापकी नाहीतर काहीच नाही’

इथे मला सर्वांत जास्त बोलायचं आहे, कारण खरी मोकळी जागा इथे आहे. धरण, खाण, महामार्ग यांच्या मंजुरीसाठी पर्यावरणीय परिणामांचा अहवाल लागतो. तो करणाऱ्या मान्यताप्राप्त सल्लागार कंपन्यांना परिस्थितिकी आणि जैवविविधतेचा जाणकार ठेवावाच लागतो. आता गंमत अशी की अनेक प्रकल्पांत पाहणी एकाच ऋतूत होते आणि तो ऋतू पावसाळ्याव्यतिरिक्तचा असतो. बेडूक फेब्रुवारीत कुठे दिसणार? मग अहवालाच्या यादीत दोन-तीन नेहमीची नावं येतात, कधी जिल्ह्यात नसलेल्या जातीही येतात आणि सड्यावरचा खळगा ‘पडीक जमीन’ ठरतो. कोकणच्या सड्यांवर बेडूक ओळखू शकणारा आणि अहवालाच्या भाषेत लिहू शकणारा माणूस अशा ठिकाणी दुर्मीळ आहे. पगार बरा असतो. प्रकल्पाच्या बाजूने लिहिण्याचा दबावही असतो, आणि तो सांभाळण्याची तयारी प्रत्येकाने आपापली करायची.

याशिवाय व्याघ्र प्रकल्पांमधले कंत्राटी जीवशास्त्रज्ञ, स्वयंसेवी संस्थांतले फील्ड समन्वयक, प्राणिशास्त्र सर्वेक्षण विभागाच्या पुणे केंद्रासारख्या ठिकाणचे प्रकल्प-सहायक. प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्राच्या पदवीवर भारतीय वनसेवेची आणि राज्याच्या वनसेवेची परीक्षा देता येते. आंबोलीच्या रस्त्यावर पावसाळी रात्री पर्यटकांच्या गाड्या कुठे थांबवायच्या, हे ठरवण्याचे अधिकार वनाधिकाऱ्याकडे संशोधकापेक्षा जास्त असतात. बेडूक वाचवायचा असेल तर हा मार्ग कमी प्रतीचा नाही.

यांतल्या बहुतेक जागा कंत्राटी आहेत, अकरा महिन्यांच्या किंवा प्रकल्प संपेपर्यंतच्या. तिशी ओलांडेपर्यंत स्थैर्य येईलच असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे. घरच्यांची काळजी इथे बरोबर आहे आणि तिला ‘आवड असली की सगळं होतं’ असं उत्तर देऊ नये. त्यांच्यापुढे नेटची तारीख, अधिछात्रवृत्तीचा दर आणि पहिल्या तीन वर्षांचा खर्च कागदावर मांडावा.

आणि अर्ज पावसाआधी करावा. पावसाळी प्रकल्पांना सहायक हवे असतात ते एप्रिल-मेमध्ये. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाठवलेल्या ई-मेलला उत्तर येत नाही, कारण ते वाचणारा माणूस तेव्हा घाटात असतो.